बुधवारी गाडी कुठे जाते

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या जरा वर, तुमच्या गाडीत एक खाच असते. हात घालून बघा, सापडेल. गॅरेजवाला तिथे आपलं यंत्र जोडतो आणि गाडीचं दुखणं ओळखतो. माझ्या नोकरीची शेवटची पाच वर्षं त्या खाचेत गेली. मी मोटार विम्याच्या कचेरीत होते, सोमाटण्याला. त्याआधीची सव्वीस वर्षं ठोकलेल्या गाड्या बघण्यात गेली, पण त्याबद्दल आज लिहीत नाही. चेपलेल्या बॉनेटची वर्णनं दिवाळीच्या फराळाबरोबर कोण वाचणार?

तर आमच्याकडे डबी आली. काड्यापेटीएवढी, काळी. ती त्या खाचेत बसवायची. मग गाडी किती चालली, किती वेगाने, ब्रेक अलगद लागला की कचकन, हे सगळं ती टिपणार आणि पोटातल्या सिमकार्डावरून कंपनीला कळवणार. महिनाअखेरीस चालकाला शंभरापैकी गुण. गुण चांगले असतील तर पुढच्या वर्षी हप्त्यात सूट. तोवर आमचा कारभार सरधोपट होता. गाडीचं मॉडेल, गाडीचं वय, गाव, झालं. जपून चालवणारे निवृत्त मास्तर आणि एक्स्प्रेसवेवर विमान उडवणारा त्यांचा पुतण्या, दोघांना एकच माप. डबीमुळे न्याय होईल असं मला मनापासून वाटलं होतं. बरंचसं अजूनही वाटतं.

लोकांनी मात्र पहिल्याच महिन्यात तिचं बारसं करून टाकलं. चुगलखोर.

लोणावळ्याचे एक चिक्कीवाले काका माझ्या टेबलावर ओणवे होऊन हळूच म्हणाले, "मॅडम, हिला ऐकू येतं का हो?" मी म्हटलं, नाही, आवाज टिपत नाही ती. तरी त्यांचं समाधान होईना. "नक्की ना? कारण आमची सगळी भांडणं गाडीतच होतात. घरी आई असते." तुंगार्लीतले एक बंगलेवाले दर शुक्रवारी संध्याकाळी डबी उपसून ठेवायचे आणि सोमवारी सकाळी परत खोचायचे. ती काढली की आम्हाला संदेश येई, त्यामुळे मला ते माहीत होतं. का काढता, हे मी एकदाच विचारलं. ते म्हणाले, "शनिवार-रविवार मी माझा असतो." मला उत्तर आवडलं. पुन्हा विचारलं नाही.

पण डबीला नुसती नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. जुलैतल्या एका सकाळी पवनानगरकडे शाळेत निघालेल्या एका शिक्षिकेची गाडी धुक्यात रस्ता सोडून खाली चरात गेली. पाय अडकलेला, फोन कुठेतरी उडालेला, आणि धुकं असं की रस्त्यावरून जाणाऱ्याला चर दिसू नये. डबीला मोठा हिसका बसला तशी तिने जागा कळवली. पुण्याच्या ऑफिसातून मला फोन आला, मी तिथल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला उठवलं, आणि त्याने बाईंना शोधून बाहेर काढलं. महिन्याभराने त्या कुबड्या घेऊन पेढे द्यायला आल्या. त्या दिवशी डबीला चुगलखोर म्हणणाऱ्या प्रत्येकाशी मी भांडले असते.

म्हणजे पेच असा होता. डबीने सगळं कळवलं तर गुण बरोबर पडतात, पण माणूस उघडा पडतो. थोडं कळवलं तर माणूस झाकला जातो, पण गुण चुकतात. पुण्याच्या ऑफिसात केतकी नावाची एक हुशार इंजिनिअर मुलगी होती. गुणांचं गणित तिने बसवलेलं. माणसांच्या तक्रारी वाढल्यावर तिने दोन सोयी केल्या. एक साधी नोंद: डबी आपली बेरीज-वजाबाकी आतल्या आत करणार आणि फक्त आकडे पाठवणार. जागा कळवणार ती अपघाताचा हिसका बसला तरच. दुसरी तपशीलवार नोंद: गाडी कुठून कुठे गेली, कुठे थांबली, सगळं. बहुतेक लोक साधी घ्यायचे. आबाही साध्या नोंदीवरच होते.

आबा म्हणजे तिकोणा पेठेचे नामदेव आबा. वय चौऱ्याहत्तर. खडीच्या डंपरवर बत्तीस वर्षं काढलेली, भाताची थोडी जमीन, आणि एक पांढरी छोटी गाडी, जिला ते बैलासारखं पुसायचे. एके दिवशी ते काठी आपटतच कचेरीत आले. हातात गुणांचा कागद. शंभरापैकी एक्केचाळीस.

"ताई, आजवर कुत्रंबी चिरडलं न्हाई म्या. आन् ही काड्यापेटी मला नापास करती?"

मी नोंद उघडली. आठवड्यातून एक दिवस, बुधवारी, गाडी बरीच लांब जात होती आणि त्या दिवशी ब्रेकांची नुसती रांग.

"बुधवारी कुठे जाता, आबा?"

"जातो हितंच. लोनावळ्याच्या अंगाला." मग जरा थांबून म्हणाले, "दुधिवऱ्याच्या खिंडीत उतार हाय. तितं ब्रेक न्हाई मारायचा तर काय भजन करायचं?"

बरोबर होतं त्यांचं. सपाट रस्त्यावर सारखा ब्रेक मारणारा माणूस बेफिकीर. खिंडीत सारखा ब्रेक मारणारा माणूस शहाणा. पण साध्या नोंदीत डबी जागा हिशेबात धरत नाही, म्हणून तिला खिंड आणि पुण्याचा चौक सारखाच. मावळातल्या अर्ध्या ग्राहकांना ती असंच नापास करत होती.

मला आबांची बाजू घ्यायची हौस आली. मी म्हटलं, आपण तपशीलवार नोंद सुरू करू. डबीला उतार दिसला की गुण सुधारतील. फॉर्म पुढे केला. वाचूनही दाखवला. म्हणजे पहिली ओळ वाचली आणि शेवटची वाचली.

आबांनी पेन हातात धरून ठेवलं. "म्हंजी गाडी कुटं जाती त्ये कंपनीला दिसनार?"

"हो. पण कंपनीला काय पडलंय, आबा?"

"आन् आनिक कुनाला दिसनार न्हाई ना?"

"नाही हो."

त्यांनी सही केली. त्या प्रश्नाआधी ते किती वेळ थांबले होते, हे मला आज आठवतं. तेव्हा मागे तीन माणसं रांगेत होती.

दोन आठवड्यांत गुण शहाऐंशीवर गेले. आबा खुशीत इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन आले आणि नको नको म्हणताना टेबलाखाली सरकवून गेले. मीही ऐटीत होते. केतकीला फोन करून म्हटलं, बघ, तुझ्या गणिताला मावळ शिकवला.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस विकास आला. आबांचा एकुलता मुलगा, तळेगावच्या कारखान्यात कामाला, अंगावर कंपनीचा शर्ट. आवाज न चढवता बोलणारा. समोर बसला आणि त्याने मोबाईल माझ्याकडे वळवला. नकाशा होता. तिकोणा पेठेतून निघालेली निळी रेघ खिंडीतून लोणावळ्याला आणि तिथून वर कुरवंड्याला गेली होती. तिच्या टोकाला लिहिलं होतं, थांबा: दोन तास पाच मिनिटं.

"ही या बुधवारची," तो म्हणाला. "ही मागच्या. ही त्याच्या मागच्या. मॅडम, मला आधीच्या महिन्यांचंपण पायजे."

हा नकाशा याच्याकडे आला कसा?

आला कसा ते मला दोन मिनिटांत कळलं, आणि ते कुणावर ढकलण्यासारखं नव्हतं. तपशीलवार नोंद सुरू केली की आठवड्याचा नकाशा आपोआप जातो, फॉर्मवर असलेल्या मोबाईल नंबरावर. आणि आमच्याकडे साठीच्या पुढच्या माणसाच्या फॉर्मवर नंबर कुणाचा असतो? मुलाचा. आबा-भाऊंचा फोन साधा, त्यांना मेसेज वाचता येत नाहीत, आलेला ओटीपी सांगता येत नाही. मग आम्हीच म्हणायचो, "पोराचा नंबर द्या ना, सोपं पडतं." पोरं तत्परतेने द्यायची. सगळ्यांची सोय. असे शेकडो फॉर्म मी माझ्या हाताने भरलेत. आबांचाही मीच भरला होता.

"विकास, त्या महिन्यांत जागेची नोंद नाही. आणि असती तरी मला देता आली नसती."

"नंबर माझा हाय. हप्ता मी भरतो."

"पॉलिसी आबांची आहे."

त्याने मोबाईल खिशात घातला. मग बोलला तेव्हा रागापेक्षा थकवा जास्त होता. धरणाच्या पाण्याला लागून त्यांची वीस गुंठे जमीन उरली होती. तिथे पर्यटकांसाठी तंबू टाकायचे, राहण्या-जेवणाची सोय करायची, म्हणजे शिफ्टच्या नोकरीतून सुटका होईल, असं त्याच्या मनात होतं. पण सातबाऱ्यावर आत्याचं नाव होतं, आबांच्या थोरल्या बहिणीचं. हक्कसोड म्हणून एक कागद असतो. माहेरच्या जमिनीवरचा आपला हक्क सोडला, असं बहिणीने त्यावर लिहून द्यायचं. आत्याने सही केली नाही. बोलाचाली झाल्या, आणि घराने तिच्याशी संबंध तोडले. भाऊबीजसुद्धा बंद. आत्या राहते कुरवंड्याला.

"आबा आमच्यासमोर मान हालवत्यात, आन् दर बुधवारी चोरून तिच्याकडं जात्यात," विकास म्हणाला. "काय कबूल करून आलेत, काय लिहून दिलंय, मला कळाया नको?"

त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. त्याचा मला राग आला नाही, कसा येणार? त्याच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं. तो गेल्याबरोबर मी आबांची तपशीलवार नोंद बंद केली आणि केतकीला फोन लावला.

"मॅडम, नकाशा ग्राहकाला आवडेल असं वाटलं," ती म्हणाली. "म्हणून आपोआप ठेवला. नंबर ग्राहकाचाच असतो ना?"

"केतकी, इथे नसतो. आणि हे तुला सांगायचं काम माझं होतं."

आबांना फोन करायचं धाडस मात्र मला झालं नाही. उद्या करू, परवा करू, असं करत महिना गेला. एकतीस वर्षांच्या नोकरीत ठोकलेल्या गाडीच्या मालकाला मी कधी टाळलं नव्हतं. आबांना टाळलं.

मग महिन्याची यादी आली. शाखेतला सर्वोत्तम चालक: नामदेव आबा. गुण शंभर. सोबत सोनेरी किनारीचं प्रशस्तिपत्र आणि सूचना, की ग्राहकाच्या घरी जाऊन द्यावं, फोटो काढावा. मी नोंद बघितली. एकही ब्रेक नाही, एकही वेगवान वळण नाही, रात्रीचा प्रवास नाही. अंतर शून्य. गाडी महिनाभर जागची हलली नव्हती. त्या कागदाकडे बघून मला रडू आलं. कचेरीत, सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिकोणा पेठेला गेले. अंगणात गाडीवर ताडपत्री होती आणि तिला दोरीने आवळलं होतं. आबा ओट्यावर बसले होते. विकास दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत, दारात बूट घालत होता. मी उभ्यानेच बोलून टाकलं.

"आबा, आणखी कुणाला दिसणार नाही ना, असं तुम्ही विचारलं होतं. मी नाही म्हणाले. न बघता म्हणाले. चूक माझी आहे."

आबांनी हात हलवला. "गुन वाढवा म्हून म्याच आलतो की. तुमी वाढवलं." मग माझ्या हातातला कागद बघून, "ह्ये काय?"

"सर्वोत्तम चालकाचं प्रशस्तिपत्र. शंभर गुण पडलेत."

"गाडी तर हालली न्हाई."

"म्हणूनच."

आबा मोठ्याने हसले. "मंग मेल्यावर तर पैला नंबर माझाच!"

विकास हसला नाही. एक बूट तसाच हातात धरून त्याने मला विचारलं, "मॅडम, त्ये दोन तास गाडी थांबलेली असती तवा काय चालतं, त्ये तुमच्या डबीत येतं का?"

"नाही. गाडी उभी आहे, एवढंच येतं."

तो बापाकडे वळला. गेल्या महिनाभरात त्याने चावी काढून घेतली होती, घरात अबोला धरला होता, पण हा साधा प्रश्न विचारला नव्हता, असं नंतर आबांनीच मला सांगितलं. "आबा, काय करता तितं?"

आबांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. "नखं कापतो आक्काची."

"काय?"

"पायाची. तिला वाकाया येत न्हाई, आन् दिसतबी न्हाई. सुनंला सांगाया लाजती. वाढून वाढून बोटात रुतलीवती. मंग पेज पितो दोगं. तू कसा हाईस त्ये इचारती."

"आन् जिमिनीचं?"

"येकदाबी न्हाई काढलं. फकस्त पैल्या बुधवारी म्हनली, नामा, सही केली की तुमी यायाचं बंद व्हनार म्हून म्या सही केली न्हाई. आन् सही न्हाई केली म्हून तुमी यायाचं बंद केलं."

विकास खाली बसला. दुसरा बूट घातला, लेस बांधली, सोडली, परत बांधली. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

"चावी न्हाई देनार मी," तो शेवटी म्हणाला. "या वयात खिंडीतनं एकट्यानं जायाचं न्हाई. बुधवारी पाळी बदलून घेतो. मी नेतो."

तो मोटरसायकलवर बसून कामावर गेला. प्रशस्तिपत्र आबांनी घडी घालून कोनाड्यात टाकलं. फोटो मी काढला नाही.

चुकीबद्दल मी वर लेखी कळवलं आणि मला मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता. पण त्या मेमोच्या मागोमाग मी आणि केतकीने पुण्याच्या साहेबांच्या कानाशी भुणभुण लावली. आधी आपोआप जाणारे नकाशे बंद झाले. मग केतकीने सांगितलं, की डबी स्वतः कलली की तिला ते कळतं. मग जागा कशाला हवी? उतारावर ब्रेक लागला, एवढंच तिने पाठवावं. कुठला उतार, ते तिच्यापाशीच राहू दे. साहेब म्हणाले, याने गुणांत चार-पाचाचा फरक पडेल, एवढी अचूकता सोडायची? एरवी साहेबांपुढे चाचरणारी केतकी म्हणाली, "सोडू या, सर." माझ्या नोकरीतलं हे एक काम मी कुणालाही छाती काढून सांगते. डबी आता मावळातल्या लोकांना नापास करत नाही, आणि ते कुणाकडे जातात हेही ती कुणाला सांगत नाही.

माझ्या निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना आबा पॉलिसीच्या नूतनीकरणासाठी आले. काठी आपटत नाही, टेकत. मी चहा मागवला. कसं चाललंय, एवढंच विचारलं.

"पैल्या बुधवारी पोरगं गाडीतच बसून ऱ्हायलं," आबा म्हणाले. "काच वर करून. दोन तास. दुसऱ्या बारीला पडवीपत्तुर आलं, पानी पेलं, पर बोललं न्हाई. आक्काला म्या सांगितलंच न्हाई त्यो आलाय म्हून. तिला दिसत तर न्हाई."

"मग?"

"गेल्या बुधवारी नखं कापाया बसलो तर माजा हात लय थरथराया लागला. आता वय झालं. तिच्या बोटाला लागलं असतं. तवर त्यानं येऊन नेलकटर घेतला माज्या हातातनं. खाली बसला, तिचा पाय मांडीवर घेतला आन् लागला कापाया. मुकाट. दोन बोटं झाली, तीन झाली. आक्का म्हनली, नामा, आज तुजा हात थरथरत कसा न्हाई रं?"

आबांनी कप खाली ठेवला. डोळे पुसायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

"त्यो म्हनला, आत्या, म्या हाय. विकास."

पुढे सहीचं काय झालं, हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. पाच वर्षं गावभरच्या गाड्या कुठे जातात ते बघितलेल्या बाईला तो आवरणं सोपं नव्हतं. पण मी तो विचारला नाही.